वडिलांचा पीएम किसानचा हप्ता बंद झालाय. तलाठी बँकेत पाठवतात, बँकवाले कृषी कार्यालयात. नेमकं जायचं कुठे?

आधी घरबसल्या पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’मध्ये वडिलांचा नोंदणी क्रमांक टाका. क्रमांक हरवला असेल तर मोबाइल किंवा आधार क्रमांकावरून तिथेच मिळतो. लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणं), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि आधार-बँक सीडिंग (बँक खातं आधारला जोडणं) यांपैकी कशापुढे ‘नो’ आहे, त्यावरून कुठे जायचं ते ठरतं. त्या पानाची प्रिंट सोबत ठेवा. हातात कागद असला की टोलवाटोलवी कमी होते.

सगळ्यात जास्त गोंधळ आधार-बँक सीडिंगचा. बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा खात्याच्या केवायसीला आधार जोडलंय, एवढाच त्याचा अर्थ असतो. हप्ता येतो तो एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीनुसार, आणि त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते, शेवटी जोडलेली. त्यामुळे पासबुक जिल्हा बँकेचं आणि पैसे भलत्याच खात्यात, असं सर्रास होतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे वेगळीच बँक दिसली तर पैसे आधी त्या खात्यात शोधा. काहीच दिसत नसेल तर बँकेत ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग’चा फॉर्म भरा, ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ हेच शब्द वापरा. बँक दाद देत नसेल तर पोस्टात पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून तेच आधारला जोडून घ्या.

लँड सीडिंग ‘नो’ असेल तर बँकेत हेलपाटे घालून उपयोग नाही. ताजा सातबारा, आठ-अ आणि आधारची झेरॉक्स घेऊन तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्या. जमिनीच्या नोंदीतच अडचण असेल तर तहसील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच. सातबारावर आणि आधारवर नाव वेगळं असेल, एकीकडे ‘पांडुरंग’ आणि दुसरीकडे ‘पांडू’, तर आधी ते एकसारखं करून घ्या. महाराष्ट्रात आता शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. तो नसेल तर सीएससी केंद्रात (गावातल्या सरकारी ऑनलाइन सेवा केंद्रात) काढता येतो, आणि वडिलांचे सगळे गट त्यात आलेत का ते तिथेच तपासा.

ई-केवायसीचं काम सोपं आहे. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीने होते. नाहीतर बोटांच्या ठशांनी करावी लागते, पण उतारवयात, राबून ठसे झिजल्यावर मशीन ते घेत नाही. मग पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून करा. ॲप मात्र प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘पीएम किसान’च्या फाइलमुळे लोकांची खाती रिकामी झालीत.

तिन्ही ‘येस’ असूनही पैसे नाहीत? मग पात्रता पाहा. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं हे एकच कुटुंब धरतात, म्हणून आईच्या नावानेही हप्ता घेतला असेल तर तो अडकतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केलेली जमीन चालत नाही, वारसाने आलेली चालते. या कुटुंबातल्या कुणी गेल्या वर्षी प्राप्तिकर भरला असेल तर नाव बाद होतं आणि घेतलेले पैसेही परत मागतात.

‘नमो शेतकरी’ या राज्य सरकारच्या हप्त्यासाठी वेगळा अर्ज करू नका. तो हप्ता पीएम किसानच्याच यादीवरून येतो, म्हणून हे सुटलं की तोही मोकळा होईल. वडील पात्र असतील तर त्रुटी दूर झाल्यावर अडकलेले हप्तेही मिळायला हवेत. नाही आले तर पोच आणि प्रिंट समोर ठेवून १५५२६१ वर तक्रार नोंदवा.