आईला न सांगता तिची सही कुठून आणणार?

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आईच्या स्तनातली गाठ गावाकडे काढली, रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, मुंबईला नेणार आहात, पण आईला अजून कुणी सांगितलेलं नाही. धाकटा भाऊ तिला हसवायला थट्टामस्करी करतो, त्यावर काका चिडतात, आणि लॅबवाला गाठीचा ब्लॉक (तपासणीसाठी मेणात बसवलेला तुकडा) द्यायला टाळाटाळ करतोय. शिरपूरऐवजी अमळनेर लिहिलं तर ही आमच्याच घरची 2022 ची गोष्ट आहे. म्हणून लांबलचक लिहिते. मी डॉक्टर नाही, औषधोपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी फक्त घरातलं आणि कागदपत्रांचं सांगते.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले होते. झोक्याची दोरी धरताना मायने हात आखडता घेतला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काखेजवळ काहीतरी टोचतंय. चार दिवसांत तालुक्याच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी चरबीची गाठ सांगून सुईची तपासणी न करताच काढून टाकली. आधी बायोप्सी करायची असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडेही तसंच झालेलं दिसतंय, आता त्यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

आमची खरी चूक त्यानंतरची. रिपोर्ट दादाच्या हातात आला आणि त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून ठरलं, मायला सांगायचं नाही. का? तर ती खचेल. नाना म्हणाले, मामा म्हणाले, मीसुद्धा मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून घरात जो तो तिच्यासमोर उगाच हसायला लागला. मोरीत जाऊन रडायचं, तोंड धुवून बाहेर यायचं आणि विनोद करायचे. ते हसणं आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

मुंबईला टाटा मेमोरियलला दाखवायचं ठरलं. दादा रिपोर्ट घेऊन आधी एकटाच जाऊन आला. तिथे पहिला प्रश्न होता, ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत? रिपोर्टचा कागद पुरत नाही. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. बोटाच्या पेराएवढा मेणाचा चौकोनी ठोकळा, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीत, कडेला पेन्सिलीने नंबर. त्याचेच पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. मोठ्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा बघतात. ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या त्या ब्लॉकवरच होतात आणि कोणतं औषध द्यायचं हे त्यावरून ठरतं.

लॅब दुसऱ्या शहरात होती. नाव लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. पहिल्या दिवशी खिडकीतला माणूस म्हणाला, "पेशंटच्या सहीचा अर्ज आणा." आता मायची सही कशी आणणार? सही मागितली तर ती विचारणार, कशाला? दादाने स्वतःच्या सहीचा अर्ज दिला. चार दिवसांनी उत्तर आलं, चालणार नाही. मग मूळ पावती मागितली, ती दवाखान्याकडे. दवाखाना म्हणे, गाठ आम्ही पाठवून दिली, आमचा संबंध संपला. तिसऱ्या खेपेला साहेब सुट्टीवर. चौथ्या खेपेला दुसराच माणूस, तो म्हणे आम्ही ब्लॉक देतच नाही, रिपोर्ट दिला ना? दादा मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलवर चार वेळा गेला आणि चार वेळा रिकाम्या हाताने आला. सतरा दिवस गेले. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की गाठीच्या कडा मोकळ्या नाहीत, म्हणजे आत अजून काहीतरी उरलेलं होतं. आणि आम्ही एका खिडकीशी भांडत होतो. त्या खिडकीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर त्यांची पहिली मागणी चूक नव्हती. ज्याच्या शरीराचा तुकडा, त्याची सही मागणं बरोबरच आहे. सही मिळाली असती तर पुढच्या तीन खेपांना कारणच उरलं नसतं.

अठराव्या दिवशी वहिनी उठली. जेवणं झाल्यावर मायजवळ बसली आणि सरळ म्हणाली, "आत्या, ती गाठ साधी नव्हती. कॅन्सर निघालाय. इलाज आहे, पण मुंबईला जावं लागेल." आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मायने आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माले पहिलेच माहीत व्हतं. तुमना डोया सुजेल शेतस, मी काय आंधयी शे का?" मग हात पुढे केला, "आन कागद इकडे."

तीन आठवड्यांत घरातलं ते पहिलं खरं हसू. तिच्या सहीने अर्ज गेला, दादाने या वेळी पोच घेतली, आणि तिसऱ्या दिवशी ब्लॉक हातात आला.

म्हणून तुमच्या काकांचं आणि भावाचं भांडण मला वेगळंच वाटतं. आईला आजार माहीतच नाही, तर भाऊ थट्टा करतोय कशाची? ती थट्टा त्याच्या स्वतःच्या भीतीवरचा उपाय आहे, आईवरचा नाही. आधी सांगा. मग हसायचं की नाही, कशावर हसायचं, हे तिला ठरवू द्या. हे माझं मत आहे, आणि प्रत्येक पेशंट सारखा नसतो हेही मान्य आहे. कुणाला खरोखरच सगळं ऐकायचं नसतं. पण निदान किती ऐकायचंय हे तिला विचारा तरी.

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. जूनअखेर मुंबईत पुन्हा शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना काखेजवळ नळी आणि तिला जोडलेली ड्रेनची बाटली तशीच होती. रोज सकाळ-संध्याकाळ जखमेतून किती पाणी आलं ते मोजून लिहायचं असतं. वहिनीने हाताशी असलेली दुधाची वही घेतली आणि मागच्या पानावर लिहायला लागली. सकाळ 80, संध्याकाळ 60. मायने चौथ्या दिवशी वही मागून घेतली, आकडे बघितले आणि म्हणाली, "म्हैस आटायला लागली गं." तेव्हापासून घरात तोच शब्द. नाना शेतातून आले की दारातूनच विचारायचे, आज म्हशीने किती दिलं? आकडा रोजच्या 30 मिलीच्या खाली आला आणि डॉक्टरांनी नळी काढली, त्या दिवशी मायने फोनवर मला आधी तेच सांगितलं, "म्हैस आटनी." बाटलीसाठी तिने जुन्या परकराची नाडीवाली पिशवी स्वतः शिवून घेतली होती. तुमच्या आईलाही शिवून द्या, बाटली लोंबली की नळी ओढली जाते आणि जीव जातो.

किमो आठ होत्या, दर 21 दिवसांनी. पहिल्या चार लाल औषधाच्या. एक-दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नसतं, आधी सांगून ठेवा. केस पोळ्याच्या आठवड्यात गळायला लागले, उशीवर पुंजके. तिनेच न्हावी घरी बोलवायला सांगितलं. माझा सहा वर्षांचा भाचा समोर बसून बघत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "आजी, तुझं जावळ काढलं? मग तू मामाच्या मांडीवर का नाही बसली?" कुणाला कळेना हसावं की रडावं. माझे मामा धरणगावहून आलेले, सत्तरीचे. त्यांनी मांडी घातली आणि म्हणाले, "ये वं बाई, बठ." माय इतकी हसली की टाक्यांची जागा दुखायला लागली. पुढच्या आठवड्यात मामा खरंच लुगडं घेऊन आले, भाचराला जावळाला कपडे करतात तसे. ते लुगडं ती प्रत्येक किमोला नेसून गेली.

आणि त्याच महिन्यात एक शेजारीण येऊन म्हणाली, "चला, शाम्पूचा खर्च वाचला." शब्द तसे वाईट नव्हते. माय तिच्यासमोर हसली आणि ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपली, रात्री जेवली नाही. फरक एवढाच की जावळाच्या गमतीत मामा तिच्या सोबत बसले होते आणि शाम्पूची गंमत बाहेरून आली होती. तुमच्या भावाला एवढंच सांगा, आईने स्वतः सुरू केलेली थट्टा पुढे ने, आपली नवी आणू नको. किमोनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मात्र मायला कुणाचा आवाजही नको असायचा. तेव्हा पाय चेपायचे आणि गप्प बसायचं. "हसत राहा, मन खंबीर ठेवा" असं सांगणाऱ्या पाहुण्यांना ओट्यावरच चहा द्या. हसण्याने कॅन्सर जात नाही. उद्या तिला रडू आलं तर आपण कमी पडलो असं तिला वाटायला नको. आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांची एवढी रीघ लागली की शेवटी नाना दारात खाट टाकून बसायचे. पांढऱ्या पेशी कमी असताना सर्दीवाला माणूस घरात येणं परवडत नाही. आणि ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता, रात्री असेल तर रात्रीच दवाखाना. आम्ही एकदा गेलो, बरं झालं गेलो.

खाण्याचं थोडक्यात. तोंड आलं की आपला ठेचा, शेवभाजी विसरा. मायचा जीव वांग्याच्या भरतात अडकलेला. लोकांनी सांगितलं, वांगं वातूळ, देऊ नका. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, खाऊ वाटतंय ना, मग द्या, फक्त तिखट नको. जानेवारीत शेवटच्या किमोनंतर दादाने शेतात तुरकाठ्यांवर वांगी भाजली, मिरची न घालता नुसता लसूण आणि कांद्याची पात. तिने कळण्याच्या भाकरीशी दीड वांग्याचं भरीत खाल्लं. त्याआधी सहा महिने तिला अर्धी भाकरी जात नव्हती.

आता कामाच्या गोष्टी. महात्मा फुले योजनेसाठी (सरकारची मोफत उपचारांची योजना) रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव आधीच जुळवून घ्या. आमच्या वेळी उपचारखर्चाची मर्यादा दीड लाख होती, आता 5 लाख आहे. रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती, पण जागा लगेच मिळेलच असं नाही, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आल्याबरोबर नाव सांगा. रेडिएशनचे तीन आठवडे आम्ही दादरला काढले. तिथे बिहारच्या एका बाई मायच्या शेजारी होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण संध्याकाळी एकमेकींच्या डोक्यावर हात फिरवून किती केस आले ते बघायच्या.

ब्लॉक घ्यायला जाल तेव्हा आईच्या सहीचा अर्ज, तिच्या आधारची प्रत आणि मूळ पावती न्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, नंबर रिपोर्टशी ताडून बघा. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. दादाने स्टीलच्या डब्यात ठेवून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून आणला होता.

पण त्याआधी आज रात्री आईशी बोला. काका, भाऊ सगळ्यांना तिथेच बसू द्या. अर्ज लिहून तयार ठेवा आणि पेन जवळ असू द्या.