‘ई१३’ म्हणजे काय?

प्रश्न : जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनपदासाठी, अर्ज करायचाय. जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई१३’ लिहिलंय, ते काय? पीएच.डी.चा व्हायवा (तोंडी परीक्षा) झाला, पदवी मात्र दीक्षान्तानंतर मिळेल.

उत्तर : ती जर्मनीतल्या राज्यांची सरकारी वेतनश्रेणी; ‘टीव्ही-एल’ हा तिथल्या राज्य कर्मचाऱ्यांचा वेतनकरार. ‘ई१३’ श्रेणी पदावरून ठरते. तिच्यातला टप्पा अनुभवावरून. म्हणून जुन्या नोकरीची पत्रं, तारखांसकट, जपून ठेवा. नाहीतर पहिल्याच टप्प्यावर बसवतील. जाहिरातीत श्रेणीशेजारची टक्केवारी वाचा : ५० टक्के म्हणजे अर्धवेळ, पगारही अर्धा. ‘स्टिपेंडियम’ असेल तर ती शिष्यवृत्ती, नोकरी नव्हे; आरोग्यविमा सहसा स्वतः काढावा लागतो.

पदवीऐवजी पीएच.डी. मिळाल्याची विद्यापीठाची अधिसूचना किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र जोडा. सगळं एकाच पीडीएफमध्ये. जाहिरातीचा संदर्भ क्रमांक ईमेलच्या विषयातच लिहा. आणि संशोधनपत्र, म्हणजे काय संशोधन करायचंय ते सांगणारं पत्र, ज्या गटाकडे अर्ज करताय त्याच गटाच्या कामाला धरून हवं. दहा ठिकाणी फिरवलेलं पत्र लगेच ओळखू येतं.