दीड वर्षाच्या बाळासाठी पाकिटातला खाऊ घेताना

अगं पुढे लिहिलेलं मल्टीग्रेन, नाचणी वगैरे सोडून दे, पाकीट आधी उलटं कर. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे नाचणी बिस्किटात पहिलं नाव मैदा, दुसरं साखर आणि नाचणी पार शेवटी असेल तर ते मैद्याचंच बिस्किट झालं ना. साखर पण नावं बदलून येते, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, गूळ सुद्धा त्यातच धर. दोन वर्षांपर्यंत वरची साखर नकोच, मी तरी माझ्या लेकीला दिली नाही.

मग आयएनएस नंबर बघ, म्हणजे खाण्यात घातलेल्या रंग, चववाढवणारे वगैरे पदार्थांचे आकडे, १०२ आणि ११० हे कृत्रिम रंग, मी असलं पाकीट तिथेच परत ठेवते. ६२१ म्हणजे अजिनोमोटो, वर्षाखालच्या बाळाला नाहीच. सोडियम १०० ग्रॅमला किती ते वाच, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं, ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, एवढ्याशा जिवाला ते खूप होतं गं. शेंगदाणा, दूध, गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर खालची ठळक ओळ दर वेळी वाच, नेहमीचंच पाकीट असलं तरी, कारण रेसिपी बदलतात. आणि अख्खे दाणे किंवा कडक तुकडे असतील तर घटक कितीही चांगले असू देत, घशात अडकतात, देऊ नकोस.