रोबो आणि स्वयंचलन येत असताना नाशिकच्या कारखान्यांतील नोकरी टिकेल का?

तुम्ही अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारे यंत्र) ऑपरेटर आहात आणि आता तुमच्या यंत्रावर माल भरण्या-काढण्यासाठी रोबो बसवला जात आहे. अशा वेळी तुमची नोकरी किती टिकेल आणि दहावी झालेल्या धाकट्या भावाला आयटीआयला घालावे की या क्षेत्रापासून दूरच ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. मी सातपूरला उमेदवारी केली, पुढे टूल रूममध्ये (साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागात) आणि नंतर मेंटेनन्सला काम केले, आणि आजही त्याच पट्ट्यात आहे. उत्तर त्या अनुभवावरून देत आहे. आयटी किंवा बँकेतील नोकऱ्यांविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही.

यंत्र अख्खी नोकरी एकदम घेऊन टाकते असे मी फारसे पाहिलेले नाही. ते कामाचे तुकडे पाडते, त्यांतला एखादा तुकडा स्वतःकडे घेते आणि उरलेल्या तुकड्यांची माणसांमध्ये नव्याने वाटणी होते. त्या वाटणीत तुमच्याकडे कोणता तुकडा येतो आणि तो कोणत्या अटींवर येतो, यावर तुमचे पुढचे दिवस ठरतात.

अशी एक वाटणी आपल्या कारखान्यांत आधीच होऊन गेली आहे. मी उमेदवार होतो तेव्हा लेथवरच्या टर्नरची किंमत त्याच्या हाताला आणि कानाला होती. आवाज बदलला की धार गेली हे त्याला कळे, चिप्सचा (कापताना निघणाऱ्या धातूच्या कीसाचा) रंग पाहून तो गती कमी करी, आणि शेवटची शतांश मिलिमीटरची कसर तो मायक्रोमीटर आणि अंदाज यांच्या जोरावर काढी. सीएनसी आल्यावर यातले बरेचसे ज्ञान प्रोग्राममध्ये गेले. टर्नर त्यामुळे नाहीसा झाला नाही, त्याचे दोन माणसांत विभाजन झाले: एक सेटर आणि दुसरा ऑपरेटर. सेटरकडे जॉब बांधणे, शून्य बिंदू घेणे, टूल लावणे आणि पहिला नग पास करून देणे ही कामे गेली, तर ऑपरेटरकडे नग लावणे, बटण दाबणे, नग काढणे आणि मोजणे एवढेच उरले. दोघांच्या पगारातली दरी त्या दिवसापासून वाढत गेली. आज तुमच्याकडे रोबो येतो आहे, तो ऑपरेटरच्या वाट्याला आलेल्या या तुकड्याचे आणखी तुकडे पाडण्यासाठी.

तुमच्या एका पाळीचे काम बारकाईने मांडून पाहा. नग उचलून चकमध्ये (नग धरणाऱ्या जबड्यांच्या पकडीत) बसवणे, हवेने साफ करणे, सायकल चालू करणे आणि तयार नग ट्रेमध्ये लावणे ही कामे रोबो किंवा गँट्री लोडर (यंत्राच्या वर रुळावर सरकत माल भरणारा यांत्रिक हात) निर्विवादपणे चांगली करतो, कारण तो पाळीच्या शेवटी थकत नाही. मोजमापही बऱ्याच अंशी यंत्राकडे जाते. यंत्रातला प्रोब (नगाला स्पर्श करून माप घेणारा सेन्सर) किंवा शेजारचे गेजिंग स्टेशन माप घेऊन ऑफसेटमधली (टूलच्या जागेच्या नोंदीतली) दुरुस्ती स्वतःच करते, आणि टूल लाइफचा काउंटर भरला की इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे पाते) बदलण्याची सूचना पडद्यावर येते. म्हणजे तुमच्या कामाचा दिसणारा भाग जवळजवळ सगळाच जाऊ शकतो, आणि म्हणून तुमची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही.

आता न दिसणारा भाग पाहू. फोर्जिंगची (ठोकून घडवलेल्या कच्च्या नगांची) नवी बॅच आली आणि तिचा कठीणपणा थोडा जास्त असला की नेहमीचे इन्सर्ट अर्ध्या आयुष्यातच तुटू लागतात. पातळ भिंतीचा नग चकमध्ये जास्त दाबला गेला तर यंत्रात गोल दिसतो आणि सोडल्यावर गोल राहत नाही. प्रोबने यंत्रातच माप घेतले असेल तर तो खुशाल पास होतो, आणि चूक ग्राहकाकडे गेल्यावर उघडकीस येते. कूलंटचे प्रमाण घसरले, जबड्यात चिप्स अडकल्या किंवा सकाळच्या थंड यंत्राचे माप दुपारी सरकले, तर या प्रत्येक वेळी पडद्यावर अलार्म येतोच असे नाही, आणि आला तरी तो काय झाले एवढेच सांगतो, का झाले ते सांगत नाही. रोबो बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत लाइन सर्वांत जास्त अशाच गोष्टींमुळे थांबते, कारण पूर्वी ऑपरेटर ज्या बारीकसारीक चुका हातासरशी निस्तरत असे, त्या आता तशाच पुढे जातात. त्या काळात कारण शोधून देणारा ऑपरेटर व्यवस्थापनाच्या नजरेत भरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून रोबो बसवायला आलेल्या माणसांच्या आसपास राहा. ग्रिपरची (रोबोच्या पंजाची) जागा कशी शिकवतात, कोणता सेन्सर कशासाठी आहे आणि पीएलसीचा (लाइनचे नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकाचा) कोणता सिग्नल न आल्यामुळे सायकल अडली आहे, हे त्यांना विचारा. आपल्याकडचे लोक विचारायला संकोचतात, आणि बसवणारे लोक घाईत असतात, तरी विचारावे.

‘प्रोग्रामिंग शिक’ असा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कॅम सॉफ्टवेअर (यंत्राचा प्रोग्राम बनवणारे) आता नगाच्या संगणकावरील मॉडेलवरून छिद्रे आणि खाचा ओळखून टूलचा मार्ग स्वतः तयार करते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम आणखी सोपे होत जाणार आहे. जी-कोड (सीएनसीला आज्ञा देण्याची भाषा) पाठ असण्याला यापुढे फारशी किंमत राहणार नाही. सॉफ्टवेअरने दिलेला मार्ग या यंत्रावर, या पकडीत, या धातूवर चालेल की नाही हे सांगता येण्याला मात्र राहील, आणि ते सांगता येण्यासाठी यंत्रावर घाम गाळलेला असावा लागतो.

नोकरी जाण्याचे आणखी एक कारण असते आणि नाशिककरांनी ते जवळून पाहिले आहे. ते म्हणजे ज्या वस्तूवर आपण काम करतो ती वस्तूच बाजारातून जाणे. आपल्या शहराच्या कारखानदारीचा मोठा भाग वाहनांच्या सुट्या भागांवर उभा आहे. ज्या मायकोच्या नावाने मायको सर्कल ओळखले जाते, ती आजची बॉश कंपनी, येथे डिझेल इंजिनाच्या इंधन यंत्रणेचे भाग बनवत आली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुराची बीएस-६ मानके लागू झाली, आणि जुन्या पद्धतीच्या यांत्रिक इंजेक्शनला नव्या मोटारी व ट्रकमध्ये जागा उरली नाही. ज्या लहान कारखान्यांचे जॉबवर्क अशा जुन्या भागांवर अवलंबून होते, त्यांचे काम रोबोने हिरावून घेतले नव्हते. तो भागच कोणाला नको झाला. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर इंजेक्टरही नाही, पिस्टनही नाही आणि गिअरबॉक्सही अगदी साधा असतो. त्यामुळे तुमचा कारखाना कोणता भाग बनवतो आणि तो विजेच्या गाडीत लागतो का, हे आधी तपासा. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग दोन्हीकडे लागतात. उलट बाजूचे उदाहरण नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसचे आहे. मुद्रांकांची जागा ई-स्टॅम्पिंग घेत गेले आणि टपाल तिकिटांचा वापर घटला, पण त्याच प्रेसमध्ये आज चिप असलेले ई-पासपोर्ट तयार होतात. अर्थात सरकारी प्रेसला मिळते तशी उसंत अंबडच्या एका शेडला मिळत नाही, हेही खरे.

कारखान्याबाहेरही हेच दिसते. लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या ट्रॉलीचे वजन इलेक्ट्रॉनिक भुईकाट्यावर होते, त्यामुळे तोलाई (वजन करण्याची मजुरी) कशाची कापायची यावरून शेतकरी, व्यापारी आणि मापारी यांच्यात वाद होत आले आहेत. दुसरीकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने होते, पण मण्यांची विरळणी आजही पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्यांच्या हातीच आहे, कारण घडातला कोणता मणी ठेवायचा हे प्रत्येक घडापाशी नव्याने ठरवावे लागते.

आता अटींविषयी, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा अधिक गंभीर भाग तेथे आहे. यंत्र आले म्हणून माणसे कमी झाली असे आपण म्हणतो. पण आपल्या पट्ट्यात मी जे पाहिले, त्यात काम करणारी माणसे कित्येकदा तेवढीच राहिली आणि कायम कामगारांच्या जागी कंत्राटी कामगार व ट्रेनी आले. काम सोपे झाले की ते कोणालाही थोड्या दिवसांत शिकवता येते, आणि मग अनुभवी माणसाला टिकवून ठेवण्याची गरज मालकाला वाटत नाही. हे तंत्रज्ञानामुळे शक्य होते, पण करायचे की नाही हा निर्णय माणसांचा असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार, कामगारकपात होण्याचा संभव आहे अशी सुधारणा यंत्रसामग्रीत किंवा तंत्रात करायची असेल, तर मालकाने २१ दिवस आधी सूचना देणे आवश्यक होते, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. पण कंत्राटी माणूस कागदोपत्री ठेकेदाराचा कामगार असतो, म्हणून ही सूचना त्याच्यापर्यंत बहुधा पोहोचतच नाही. तुम्ही कोणाच्या हजेरीपटावर आहात, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही. कायम असाल तर युनियनमार्फत किंवा स्वतः लेखी विचारा की रोबो बसल्यावर तुम्हाला कोणत्या कामावर घेणार आणि त्यासाठी प्रशिक्षण कोण देणार. कंत्राटी असाल तर वरच्या सगळ्या सल्ल्याची निकड दुप्पट समजा.

हे सोडून गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवर डिलिव्हरीचे काम धरावे असा विचार तुमच्या मनात असेल, तर घाई करू नका. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशी ‘गिग’ (कायम नोकरीबाहेरची, कामागणिक पैसे मिळणारी) कामे करणारे सुमारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे, म्हणजे काम मिळेल यात शंका नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्यांची व्याख्याही आली आहे. मात्र तेथे पाच वर्षे घालवूनही सहाव्या वर्षीचा दर ॲपच ठरवते, आणि नव्याने आलेल्या मुलाला जो दर मिळतो तोच तुम्हालाही मिळतो. घरात अडचण असेल तर काही महिने करण्यात कमीपणा काहीच नाही.

भावाला आयटीआयला जरूर घाला. ट्रेड मात्र पाहून निवडा. केवळ यंत्र चालवायला शिकवणाऱ्या ट्रेडपेक्षा इलेक्ट्रिशियन, मेकॅट्रॉनिक्स (यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड) किंवा टूल अँड डाय मेकर यांकडे मी झुकेन, कारण रोबो जितके वाढतील तितकी त्यांची दुरुस्ती आणि त्यांचे फिक्स्चर (नग पक्का धरून ठेवणारी पकड) बनवणे वाढेल. गणितात गती असेल तर आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आणि संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूमही विचारात घ्या, नाशिकहून ती फार लांब नाही. उमेदवारीला पाठवताना एक गोष्ट कटाक्षाने पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली केलेला करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे, तरच शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. ‘ट्रेनी’ या नावाखाली ठेकेदारामार्फत घेतलेल्या मुलाला तेवढेच काम करूनही ते मिळत नाही. मुलाखतीला गेल्यावर त्याने स्टायपेंड तर विचारावाच, पण वर्षभरात किती विभागांत फिरवणार आणि मेंटेनन्सला किती दिवस ठेवणार, हेही विचारून घ्यावे.