कॅनडात नवऱ्याला आणायचे आहे : इनलँड की आउटलँड?

प्रिय चि. सौ. हिस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. नवऱ्याला कायमचे इकडे आणण्यासाठी स्पॉन्सरशिपचा, म्हणजे त्याची हमी घेऊन करायचा, अर्ज आउटलँड (कॅनडाबाहेरच्या जोडीदारासाठीचा) करावा की त्याला व्हिजिटर व्हिसावर बोलावून इनलँड (कॅनडात राहणाऱ्या जोडीदारासाठीचा) करावा, असे तू विचारले आहेस. कोणाचे काम किती महिन्यांत झाले, याचे मैत्रिणींकडून ऐकलेले हिशेबही लिहिले आहेस. ते हिशेब तूर्त बाजूला ठेव. दोन्ही मार्गांना लागणारा काळ वर्षागणिक बदलत आला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री जॉन मॅकॅलम यांनी बहुतेक अर्ज १२ महिन्यांत निकाली काढण्याचे जाहीर केले होते, पण त्यानंतरही कधी एक रांग पुढे गेली तर कधी दुसरी. आज जो मार्ग लवकरचा वाटतो तो तुमची फाईल निम्म्यावर येईपर्यंत तसाच राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. प्रतीक्षेच्या काळात तुम्ही दोघे खरोखर कुठे राहणार आहात आणि अर्ज नाकारला गेला तर तुमच्या हाती काय उरणार आहे, हे दोन प्रश्न विचारून मार्ग ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुझ्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आउटलँडकडेच जाते. ते कसे, हे नीट सांगते.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तुझ्या पत्रातही तो आहे. आउटलँड अर्ज केला म्हणजे नवऱ्याने निकाल लागेपर्यंत नाशिकलाच राहिले पाहिजे, असे मुळीच नाही. आउटलँड म्हणजे कायद्यातला ‘फॅमिली क्लास’. तो अर्ज चालू असताना त्याच्याकडे वैध व्हिसा असेल तर तो इकडे येऊन तुझ्याजवळ राहू शकतो, परत जाऊ शकतो, पुन्हा येऊ शकतो. इनलँडची गोष्ट वेगळी आहे. तो वर्ग कॅनडातच स्पॉन्सरबरोबर एकत्र राहणाऱ्या जोडीदारासाठी आहे आणि एकत्र राहणे ही त्या अर्जाची अटच आहे. मध्येच देश सोडला आणि परत येताना विमानतळावर प्रवेश मिळाला नाही, तर ती अट मोडते आणि अर्जही हातचा जातो. एकदा इनलँड भरलेला अर्ज नंतर आउटलँडमध्ये बदलून मिळत नाही. तो मागे घेऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते.

आता तुझ्या घरची परिस्थिती पाहा. तुझ्या सासूबाईंचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते, तुझा नवरा एकुलता एक आहे, आणि रात्री-अपरात्री त्यांना रुग्णालयात न्यायची वेळ आली तर शेजारी किती दिवस धावून येणार? अशा माणसाला एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ कॅनडाबाहेर पाऊल टाकू नकोस असे सांगणे मला योग्य वाटत नाही. तसे सांगितले तरी एक फोन आला की तो निघणारच, आणि त्याने निघायलाच हवे. त्या दिवशी अर्जाची काळजी त्याच्या डोक्यावर नसावी.

दुसरा प्रश्न नकाराचा. लग्नाच्या वेळी कोणी तो काढत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. आउटलँड अर्ज नाकारला गेला तर स्पॉन्सर म्हणून तुला ‘इमिग्रेशन अपील डिव्हिजन’ या न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. नकाराचे पत्र हाती आल्यापासून त्यासाठी ३० दिवस मिळतात. तिथे नुसती जुनी फाईल तपासत नाहीत. नवे पुरावे देता येतात, तू आणि तुझा नवरा दोघे साक्ष देऊ शकता, आणि सुनावणीच्या दिवसापर्यंत तुमचा संसार कसा चालला आहे हेही पाहिले जाते. इनलँड नाकारला गेला तर हे अपील नाही. उरते ते फेडरल कोर्ट, तेही आधी न्यायाधीशांची परवानगी मिळाली तर, आणि त्यासाठी अवघे १५ दिवस. तिथे न्यायाधीश तुमचे लग्न खरे की खोटे हे नव्याने ठरवत नाहीत. अधिकाऱ्याचा निर्णय कायद्याला आणि तर्काला धरून होता का, एवढेच तपासतात. वकिलाच्या कार्यालयात अनेक वर्षे याच फायली हाताळताना मी पाहिले आहे की प्रामाणिक जोडप्यांनाही कधीकधी नकार येतो, बहुधा फाईलमध्ये काही सांगायचे राहून गेल्यामुळे, आणि अशा वेळी साक्ष देण्याची एक संधी मिळणे आणि न मिळणे यात फार मोठा फरक असतो. अपिलाचा हक्क सोडायचा असेल तर त्याला तितकेच सबळ कारण हवे.

पूर्वी एक सबळ कारण होतेही. ओपन वर्क परमिट, म्हणजे कोणाकडेही नोकरी करण्याचा परवाना, इनलँडवाल्यांनाच मिळत असे, त्यामुळे घरी बसून राहण्यापेक्षा इनलँड बरे, असे लोक म्हणत आणि ते खरे होते. मे २०२३ पासून तसे राहिलेले नाही. फॅमिली क्लासमध्ये अर्ज केलेला जोडीदार कॅनडात वैध स्टेटसवर, म्हणजे राहण्याची कायदेशीर मुदत शिल्लक असताना, स्पॉन्सरबरोबर राहत असेल आणि अर्ज परिपूर्ण असल्याची पोच आली असेल, तर त्यालाही ओपन वर्क परमिट मागता येते. जानेवारी २०२५ मध्ये जोडीदारांच्या वर्क परमिटवर निर्बंध आले, हे तू ऐकलेस ते बरोबर आहे, पण ते परदेशी विद्यार्थी आणि तात्पुरत्या परवान्यावर काम करणारे यांच्या जोडीदारांबाबत आहेत. तू पीआर, म्हणजे कॅनडाची कायमची रहिवासी, आहेस आणि नवऱ्याला स्पॉन्सर करणार आहेस, तेव्हा ती बातमी तुला लागू नाही.

इनलँड वाईटच, असे मात्र मी म्हणत नाही. जोडीदार आधीपासून इथेच राहतो, मायदेशी जाण्याची निकड नाही, आणि बाहेर गेल्यास परतीचा व्हिसा मिळण्याची शक्यता कमी आहे, अशांना मी इनलँडच सुचवते. ज्यांचे स्टेटस संपून गेले आहे त्यांच्यासाठी २००५ पासून एक सवलतीचे धोरण आहे, आणि तेही इनलँडवाल्यांनाच उपयोगी पडते. तुमची परिस्थिती यातली नाही.

व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात तुमचे लग्न झाले आहे आणि पीआरचा अर्ज चालू आहे, हे लपवू नका. ‘लग्नाचे लिहू नका, व्हिसा मिळणार नाही’ असे सांगणारे एजंट नाशिकमध्ये आणि पुण्यात पुष्कळ भेटतील. येथील कायद्यात तात्पुरते येण्याचा आणि पुढे कायमचे राहण्याचा असे दोन्ही हेतू एकाच वेळी असायला हरकत नाही, फक्त मुदत संपल्यावर परत जाईन हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे. आजारी आई, नोकरी, नाशिकचे घर, या गोष्टी तिथे उपयोगी पडतात. खोटे मात्र उघडे पडले तर पाच वर्षांची बंदी येते आणि पीआरचा अर्जही त्यात अडकतो. नवरा येईल तेव्हा प्रवासाचा आरोग्यविमा आधी घ्यावा, कारण व्हिजिटरला प्रांताच्या विम्याचे कवच नसते.

सहा महिने नाशिकला जाऊन राहावे का, असेही तू विचारले आहेस. मन समजते, पण तू अजून नागरिक नाहीस. परदेशात राहून जोडीदाराला स्पॉन्सर करणे नागरिकालाच शक्य आहे, तेही पुढे कॅनडात राहणार हे दाखवून. पीआर असलेल्या व्यक्तीने अर्ज चालू असताना कॅनडातच वास्तव्य केले पाहिजे. दोन-तीन आठवड्यांची फेरी खुशाल कर. भाड्याचे घर सोडून आणि नोकरीचा राजीनामा देऊन मात्र जाऊ नकोस.

यानंतरचा मुद्दा फार बारकाईने वाच. आपल्याकडे हल्ली आधी रजिस्टर लग्न करून ठेवतात आणि विधी सवडीने होतात. तुमचे विधी यंदा झाले, पण नोंदणी कधी झाली? तू पीआर म्हणून कॅनडात उतरलीस त्या तारखेच्या आधी जर नोंदणी झालेली असेल आणि तू तेव्हा स्वतःला अविवाहित दाखवले असशील, तर त्या वेळी जाहीर न केलेला जोडीदार फॅमिली क्लासमधून वगळला जातो, आणि इनलँड वर्गातही हाच नियम आहे. सप्टेंबर २०१९ पासून एका विशेष धोरणाखाली अशा काही कुटुंबांना दिलासा मिळाला आहे, पण त्या वाटेने जायचे असेल तर वकिलाशिवाय एकही कागद पाठवू नये. नोंदणी नंतरची असेल तर हा परिच्छेद विसरून जा.

आता लग्नाच्या खरेपणाबद्दल. लग्न खरे नाही असे अधिकाऱ्याला वाटले, किंवा ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केले असे वाटले, तर यांपैकी एक कारणही नकाराला पुरते. भारतातली ठरवून झालेली लग्ने त्यांना ठाऊक असतात. त्यांची नजर थांबते ती रूढीपेक्षा वेगळे काही दिसले की. तुमचे लग्न सासूबाईंच्या प्रकृतीमुळे घरच्या घरी, दिवाणखान्यात, मोजक्या माणसांत लागले. कार्यालय नाही, स्वागत समारंभ नाही, तुझे काकाही आले नाहीत. फोटो पाहणाऱ्याला याचे कारण कळणार नाही. म्हणून नात्याविषयीच्या प्रश्नावलीत, म्हणजे ५५३२ क्रमांकाच्या फॉर्ममध्ये, ते सरळ शब्दांत लिही, आणि डॉक्टरांचे पत्र व त्या महिन्यातल्या डायलिसिसच्या नोंदी जोड. कांदेपोह्यांचा कार्यक्रम कोणाच्या घरी झाला, स्थळ कोणी सुचवले, लग्न ठरेपर्यंत तुम्ही किती वेळा बोललात, साखरपुडा का केला नाही, हे दोघांनी आपापल्या आठवणीने आधी लिहून काढा आणि मग ताडून पाहा. पाठ केलेली उत्तरे नकोत, पण तारखा जुळल्या पाहिजेत.

व्हॉट्सॲपचे गठ्ठे पाठवू नकोस. तुमचे बोलणे मराठीत आहे, आणि इंग्रजी वा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदासोबत भाषांतर लागते. ते घरच्या माणसाने केलेले चालत नाही, त्यामुळे प्रत्येक पानाला खर्च आहे. लग्न ठरल्यापासून आजपर्यंतच्या दर महिन्यातले एखादे साधे पान निवड, ज्यात त्याने आईच्या रिपोर्टबद्दल विचारले आहे किंवा तू घरभाड्याचे सांगितले आहेस. अशा पानांतून संसार दिसतो.

नावाकडेही लक्ष असू दे. तुझ्या पासपोर्टवर आणि पीआर कार्डावर तुझे, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव आहे. महापालिकेच्या विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरही तेच असेल. सासरी आधार कार्ड बदलून नवे नाव घेण्याची घाई चालली आहे असे तू लिहितेस. निकाल लागेपर्यंत ते थांबव. सासूबाईंना समजावून सांगितलेस तर त्या रागावणार नाहीत. ते बदलले गेलेच असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून घे आणि फॉर्ममध्ये ‘इतर नावे’ या रकान्यात नवे नाव न विसरता लिही.

१३४४ क्रमांकाच्या, म्हणजे स्पॉन्सरने भरायच्या, फॉर्ममध्ये एक छोटा प्रश्न आहे, की तू स्पॉन्सर म्हणून अपात्र ठरलीस तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा. मागे घेतला तर बरेचसे पैसे परत मिळतात, म्हणून पुष्कळ जण तिकडे खूण करतात, पण मागे घेतलेल्या अर्जावर अपील होत नाही. विचार करून खूण कर.

त्याच फॉर्मवर सही करताना तू जी हमी देतेस तीही समजून घे. तो पीआर झाल्याच्या दिवसापासून तीन वर्षे त्याच्या मूलभूत गरजांची जबाबदारी तुझी असते. या काळात त्याने सरकारी आर्थिक मदत घेतली तर ती तुला फेडावी लागते, आणि वेगळे झालात किंवा घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही. दुसरीकडे, २०१२ मध्ये आलेली दोन वर्षे एकत्र राहण्याची अट २०१७ मध्ये रद्द झाल्यामुळे त्याचे पीआर तुमच्या एकत्र राहण्यावर अवलंबून नसते. हे मी तुला भीती घालायला लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या मुलीलाही सहीपूर्वी हेच सांगितले असते. जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट सहसा नसते, त्यामुळे पगाराची चिंता करू नकोस. नवऱ्याला मधुमेह आहे, त्याचाही बाऊ नको. आरोग्यसेवेवर जादा भार पडेल या कारणावरून जोडीदाराला नाकारता येत नाही.

अर्जाचे शुल्क ३० एप्रिल २०२४ पासून १२०५ डॉलर झाले, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे. भरण्याच्या दिवशी आकडा पुन्हा पाहून घे. नवरा अठरा वर्षांचा झाल्यावर, गेल्या दहा वर्षांत तो ज्या ज्या देशात सलग सहा महिने राहिला तिथले पोलीस प्रमाणपत्र लागते, म्हणजे दुबईचेही लागेल, आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा ते आताच सुरू करावे. पैसे घेऊन हे काम करण्याचा अधिकार येथील वकील, परवानाधारक सल्लागार अशा अधिकृत प्रतिनिधींनाच आहे. नाशिकच्या ज्या एजंटाने ‘आतली ओळख’ सांगितली त्याला एक रुपयाही देऊ नका.

पुढच्या रविवारी फोनवर बोलू. त्याआधी मला विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, तुझ्या कॅनडातील प्रवेशाच्या दिवशीचा कागद आणि त्याच्या पासपोर्टची सगळी पाने पाठव. तारखा जुळल्या की ५५३२ चा कच्चा मसुदा तू लिहायला घे. मी तो शब्दन् शब्द वाचेन.

तुझी,
मावशी