उडी न मारल्याची वही

“मॅडम, याला शिस्त म्हणून नाही. कराटेला घालू का?”

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकू येतो. कराटेच्या जागी कधी अबॅकस असतं, कधी सैनिकी शाळा, कधी गावाकडचे कडक मामा. या वेळी विचारणाऱ्या ताई सिंहगड रस्त्यावरून आल्या होत्या. सोबत अकरावीतले चिरंजीव, उजव्या मनगटाचं प्लॅस्टर नुकतंच निघालेलं. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) मुलगा पार्कोर करतो. आईच्या भाषेत, “माकडासारखा भिंतींवरून उड्या मारतो.” सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा घरी येऊन गेले, हात मोडला, आणि चाचणीत गणितात कसाबसा काठावर.

“कराटे झालंय माझं,” चिरंजीव खिडकीकडे बघत म्हणाले. “ग्रीन बेल्टपर्यंत.”

म्हणजे शिस्तीचं ते औषध देऊन झालं होतं.

ताईंना जरा बाहेर बसवलं. अभ्यासाचा विषय मी काढलाच नाही. हात कसा मोडला ते विचारलं. दोन कट्ट्यांमधलं अंतर रोजचंच होतं. त्या दिवशी पाऊस पडून गेलेला, पलीकडच्या कडेला शेवाळ. दिसलं होतं का? हो, दिसलं होतं.

“मग?”

“मित्रानं मोबाईल चालू केला होता.”

आईला वाटत होतं पोरगं फार धाडसी झालंय. मला वाटलं, याला चालू मोबाईलसमोर “आज नको” म्हणायचं धाडस होत नाही. गणितातही तेच. उदाहरण अडलं की “येतं मला” म्हणून वही मिटायची, म्हणजे आपल्याला येत नाही हे कुणाला दिसायला नको, स्वतःलाही नको.

माझे वडील पेठेतल्या तालमीत जायचे. नवा पोरगा आला की वस्ताद त्याच्या हातात आधी फावडं देत. हौद्यातली लाल माती खणायची, मग जोर-बैठका, डाव पुढे कधीतरी. मी शाळेत असताना ज्यूदो शिकले, तेव्हा पहिले दोन महिने कुणालाही पाडलं नाही, नुसती पडत होते. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्यूदो सुरू केला, त्यात पडायचं कसं याला ‘उकेमी’ असं स्वतंत्र नाव आहे आणि शिकणं तिथूनच सुरू होतं. हे मी त्याला जरा ऐटीत सांगितलं.

“पण मॅडम, ज्यूदोत पडताना हात मॅटवर आपटतात ना? काँक्रीटवर आपटला तर हातच जाईल.”

आणि उठून त्यानं माझ्या सतरंजीवर कोलांटी घेऊन दाखवली. एका खांद्यावरून पाठीत तिरकं, दुसऱ्या बाजूच्या कमरेवरून बाहेर. सरळ मणक्यावरून गेलं तर मणका जमिनीवर घासतो म्हणे. टेबलावरचं पेनांचं भांडं पडलं, पण मुलगा तासाभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलत होता.

पॅरिसजवळच्या लिसमध्ये डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांनी हे सुरू केलं, एवढं त्याला पाठ होतं. डेव्हिडचे वडील रेमंड पॅरिसच्या अग्निशमन दलात होते, आणि या सगळ्याच्या मुळाशी जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची व्यायामपद्धत आहे. एबेर यांचं म्हणणं होतं, बलवान व्हायचं ते उपयोगी पडण्यासाठी. मी विचारलं, “तुझी ती उडी कुणाच्या उपयोगी पडली?”

“ऑर्थोपेडिकच्या,” तो म्हणाला. मला हसू आवरलं नाही.

आम्ही ठरवलं ते असं. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय काही नाही. मग टेकडीवरच्या गवतात कोलांट्या, नंतर गुडघ्याएवढी उंची. पायांचा आवाज होणार नाही असं उतरता आलं तरच पुढची पायरी. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी सांगत, कराटेची सुरुवात आणि शेवट ‘रेई’नं, म्हणजे आदरानं होतो. ग्रीन बेल्टवाल्याला वाकून नमस्कार करणं तेवढं आठवत होतं. त्यानं स्वतःच सुचवलं, “मी भिंतीला हात लावीन.” तळवा फिरवायचा, दगड हलतोय का, ओल आहे का, बघायचं. आणि एक वही: मारलेल्या उड्या लिहायच्या नाहीत, न मारलेल्या लिहायच्या, कारणासकट.

इथे माझी एक चूक झाली. मोबाईल पूर्ण बंद, असंही मी फर्मान काढलं. तिसऱ्या आठवड्यात चिरंजीव पार्किंगच्या पत्र्यावर सापडले, सेक्रेटरी तिसऱ्यांदा घरी, वही कोरी. ताई माझ्यावर रीतसर चिडल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. मी आईचीच भूमिका घेतली होती, फक्त फी घेऊन. नियम बदलला: दहा वेळा आवाज न करता उतरलास की अकराव्याला खुशाल शूटिंग कर, पण मोबाईल चालू करायचा तो तू सांगशील तेव्हा.

दिवाळीनंतर त्यानं वही आणली. एका पानावर: “शनिवार. भिंत कोरडी. पाय जड, रात्री दोनपर्यंत जागा होतो. उतरलो. ते दोघं हसले.” खाली दुसऱ्या पेनानं, “रविवारी मारली.”

वहीच्या मागच्या पानांवर गणितं होती, अडलेल्या पायरीपाशी लाल शाईत “इथपर्यंत येतं”. हे मी सांगितलं नव्हतं. गुण अजून काठाच्या थोडेच वर आहेत. ताईंना ते पुरेसे नाहीत, आणि त्यावर आमची अजून दोन सत्रं होतील असा माझा अंदाज आहे.

निघताना त्या दारात थांबल्या. “मॅडम, कराटेची तीन महिन्यांची फी भरून ठेवलीय हो. परत देत नाहीत म्हणतात.”

बाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती, तिसरीतली. दादानं सतरंजीवर कोलांटी कशी मारली ते विचारत होती.

“हिला पाठवू?” ताई म्हणाल्या.

“तिला विचारा,” मी म्हटलं.