पुराआधीची यादी

प्रश्न : ऑगस्ट २०२४च्या पुरात आमच्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या आजींकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. यंदा गणेश मंडळाची मदत कशी घ्यावी?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : मंडळाच्या अध्यक्षांना केवळ भाषणासाठी बोलावू नका (ते त्यांना आवडते, हे खरे!), पावसाळ्यापूर्वी त्यांच्यासह घरोघरी जाऊन तळमजल्यावर कोण राहते, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाचा ऑक्सिजन विजेवर चालतो आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे त्या-त्या व्यक्तीच्या संमतीने लिहून घ्या. आजवा सरोवरातून सोडलेले पाणी शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत येते, म्हणून तशी सूचना मिळताच आजींना वरच्या मजल्यावर नेणाऱ्या दोघांची नावे आधीच ठरवा. दूधवाल्यालाही विचारा, बंद दार प्रथम त्यालाच दिसते.